रुपयांत गुणू नकोस गं!

लेक शिकायला लंडनला गेली आणि आमच्या घरात पौंडाचा हिशेब सुरू झाला. सुरुवातीला ती प्रत्येक किंमत रुपयांत गुणायची नि वस्तू परत ठेवून द्यायची. सुट्टीच्या दिवशीही खोलीतच. फोनवर आवाज रडवेला. शेवटी मीच म्हटलं, ''अगं, शिकायला पाठवलंय, कोंडून घ्यायला नाही. बाहेर पड!''

पडली, आणि कळलं की फुकटातही लंडन केवढं तरी आहे! ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न इथली कायमची दालनं बघायला तिकीटच नाही. बसचं भाडं एकदा कार्डाने भरलं की तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे पडत नाहीत. संध्याकाळी सुपरमार्केटात पिवळं लेबल लागलेला माल स्वस्त. तूरडाळ, कढीपत्ता वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर.

थंडीचा कोट मात्र तिने चॅरिटी शॉपमधून घेतला. तिथे लोकांनी दान दिलेले कपडे स्वस्तात मिळतात, पैसा समाजकार्याला जातो. ''आई, वापरलेला आहे, चालेल ना?'' मला हसूच आलं. थोरलीचे फ्रॉक धाकटीला घालूनच आम्ही मोठ्या झालो की!

परवा म्हणाली, ''आज थेम्सकाठी दोन तास नुसती चालले.'' आवाज हसरा होता. मैत्रिणींनो, त्या रात्री मला शांत झोप लागली.