बाळंतपणाची पूर्वतयारी : वर्ग कोणता निवडावा, कोणी जावे?

उसाची लागण करावयाची झाली तर शेतकरी बेणे पारखतो, सरी पाडतो, पाण्याची पाळी कधी येणार याची चौकशी करतो आणि मगच कामास हात घालतो. मुलीचे लग्न ठरले की घरातील वडीलधारी मंडळी सहा महिने आधीपासून याद्या करू लागतात. परंतु बाळंतपणाची तयारी मात्र पुष्कळ घरांत डोहाळजेवण आणि बाळंतविडा यांच्यापलीकडे जात नाही. ‘कळा सुरू झाल्या म्हणजे पाहू’ एवढ्यावरच सारे सोडून दिले जाते. सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूरसारख्या ऊसकरी गावात तर हा प्रश्न हंगामाशीही निगडित आहे. म्हणून प्रसूतिपूर्व मार्गदर्शन वर्ग म्हणजे काय, तो कसा निवडावा आणि त्यास कोणी जावे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राने या क्षेत्रात मोठा पल्ला गाठला आहे, यात शंका नाही. २००४-०६ या काळात राज्यात दर १ लाख जिवंत जन्मांमागे १३० मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आले. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. मात्र याच पाहणीतील आणखी दोन आकडे विचार करावयास लावणारे आहेत. जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेल्या बालकांचे प्रमाण सुमारे ५३ टक्केच आढळले आणि गरोदर स्त्रियांपैकी जवळजवळ ४६ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. याला दवाखान्यातील रीतीही काही अंशी कारण असतील. तथापि दवाखान्याचे दार गाठले म्हणजे सर्व झाले असे नाही, हे यावरून स्पष्ट होते. त्या दारापर्यंत केव्हा जावे, तेथे काय मागावे आणि घरी परतल्यावर काय करावे, हे ज्ञान अजून घरोघर पोचावयाचे आहे.

वर्गाची कल्पना

बाळंतपणासाठी मनाची व शरीराची तयारी करून घेता येते, हा विचार पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात रुजला. इंग्लंडमधील डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्ये आपल्या ग्रंथातून असे प्रतिपादन केले की, भीतीमुळे शरीर ताठते आणि ताठल्यामुळे वेदना वाढतात. पुढे १९५० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये डॉ. फेर्नां लामाझ यांनी श्वसनाच्या व अंग सैल सोडण्याच्या अभ्यासाची पद्धती लोकप्रिय केली. आपल्याकडे मोठ्या शहरांतील प्रसूतिगृहांत असे वर्ग चालतात. ‘गर्भसंस्कार’ या नावानेही पुष्कळ वर्ग भरतात.

परंतु हा केवळ शहरी, सुशिक्षित कुटुंबांचा विषय आहे असे समजणे चुकीचे ठरेल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या सहा सेवांमध्ये स्त्रियांना आरोग्य व पोषण यांचे शिक्षण देणे ही एक सेवा आहे. दरमहा अंगणवाडीत होणारा ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस हा या शिक्षणाचाच प्रसंग होय. २०१६ पासून प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली शासकीय आरोग्य संस्थांत डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. तपासणीसाठी रांगेत बसलेल्या स्त्रियांना तो वेळ नुसता काढावा लागतो की तेथे काही शिकावयास मिळते, एवढाच काय तो प्रश्न. थोडक्यात, वर्गाची जागा, दिवस आणि शिक्षिका गावात आहेत. त्या प्रसंगास वर्गाचे रूप द्यावयाचे आहे.

वर्ग कशासाठी?

बाळंतपणातील मृत्यू का ओढवतात याचे विवेचन करताना सेरीन थॅडिअस व डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये तीन विलंबांची मांडणी केली. दवाखान्यात जाण्याचा निर्णय घेण्यास लागणारा विलंब हा पहिला, तेथे पोचण्यास लागणारा दुसरा आणि पोचल्यावर योग्य उपचार मिळण्यास लागणारा तिसरा. दुसरा विलंब रस्ते व वाहने यांनी कमी होतो. तिसरा डॉक्टर, रक्त व औषधे यांनी. पहिला विलंब मात्र घराच्या उंबऱ्याआड घडतो आणि तो कमी करण्याचे काम मुख्यतः ज्ञानाने होते. चांगल्या वर्गाचे खरे प्रयोजन हेच आहे.

समजा, आठव्या महिन्यातील एका सुनेचे डोके संध्याकाळपासून असह्य दुखत आहे, डोळ्यांपुढे अंधारी येत आहे आणि तोंडावर व हातांवर सूज आहे. ‘दिवसभर उन्हात होती, झोपली म्हणजे बरे वाटेल’ असे घरातील कोणी म्हणाले, तर त्यात दुष्टपणा नसतो, अज्ञान असते. वाढलेल्या रक्तदाबाची ही लक्षणे असू शकतात आणि पुढची पायरी झटके येण्याची असते, हे ज्याने वर्गात ऐकले आहे तो सकाळची वाट पाहणार नाही. अंगावरून रक्त जाणे, मुदतीपूर्वी पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, जोराचा ताप, बसल्या जागी धाप लागणे ही लक्षणेही तितकीच गंभीर मानावीत. ती घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला तोंडपाठ असली पाहिजेत.

निवड करताना

वर्ग खाजगी असो वा शासकीय, त्याची पारख काही साध्या प्रश्नांनी करता येते.

पहिला प्रश्न : शिकविणारी व्यक्ती कोण आहे? डॉक्टर, परिचारिका किंवा प्रशिक्षित आरोग्यसेविका यांचा वर्गाशी प्रत्यक्ष संबंध असावा. व्यायाम शिकविण्यापूर्वी प्रत्येक स्त्रीची प्रकृती व तपासणीचे कार्ड पाहिले जाते काय, हेही विचारावे; कारण एकीला हितकर असलेला व्यायाम दुसरीला अपायकारक ठरू शकतो.

दुसरा प्रश्न : वर्गात काय शिकवितात? धोक्याची लक्षणे, रक्तक्षय, कळांच्या वेळचे श्वसन, स्तनपान, नवजात बालकाची ऊब आणि बाळंतिणीची काळजी हे विषय त्यात असलेच पाहिजेत. लोहाच्या गोळ्यांचेच उदाहरण घ्या. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस गोळी घ्यावयाची असते. ती चहाबरोबर घेऊ नये आणि तिच्यामुळे शौचास काळे झाले तर घाबरू नये, एवढे दोन शब्द कोणी सांगितले नाहीत म्हणून कित्येक घरांत गोळ्यांची पाकिटे फळीवर तशीच पडून राहतात. चिकाच्या दुधाची गोष्टही अशीच. ते पिळून टाकून बाळाला मध चाटविण्याची प्रथा अद्याप काही घरांत आहे. वास्तविक ते पहिले पिवळसर दूध रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असते.

तिसरा प्रश्न : वर्ग कशाचे आश्वासन देतो? मुलगा होईल, मूल गोरे होईल अशी हमी देणाऱ्या वर्गापासून दूरच राहावे. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वप्रथम केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, हे विसरता कामा नये. तसेच ज्या वर्गात शिकवण्यापेक्षा औषधे व वस्तू विकण्यावर भर असतो तोही टाळावा. मन प्रसन्न राहावे म्हणून संगीत वा प्रार्थना यांस जागा असण्यास कोणाचीच हरकत नाही. मात्र ती तपासणीच्या ऐवजी असू नये.

चौथा प्रश्न : वर्ग गाठता येतो काय? दूरच्या शहरातील महागड्या वर्गास एकदा जाण्यापेक्षा गावच्या अंगणवाडीत दरमहा जाणे केव्हाही हितावह. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी व्हावी आणि प्रसूतीपूर्वी किमान चार तपासण्या व्हाव्यात, असा आपल्याकडील दंडक आहे. त्या प्रत्येक भेटीस एक धडा जोडता येतो.

कोणी जावे?

गरोदर स्त्रीने जावे, हे उत्तर अपुरे आहे. गाडी बोलावण्याचा, पैसे काढण्याचा व दवाखान्यात जाण्याचा निर्णय पुष्कळ घरांत तिच्या हाती नसतो. तो पती, सासू किंवा माहेरची मंडळी घेतात. म्हणून निर्णय घेणाऱ्यांनीच वर्गास बसले पाहिजे. पतीने निदान दोन वेळा तरी जावे. दवाखाना कोणता, वाहन कोणाचे, सोबत कोण, रक्त देण्यास कोण तयार, या चार प्रश्नांची उत्तरे त्याने आठव्या महिन्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावीत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका व १०२ क्रमांकाची सेवा त्याला ठाऊक असावी. शासकीय दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी नात्यातील स्त्रीला जवळ थांबू देण्यास, आणि आडोशाची सोय असेल तेथे पतीलाही, केंद्र शासनाने २०१६ मध्ये मुभा दिली आहे.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या आपल्या प्रथेमुळे आणखी एक गोष्ट संभवते. सातव्या महिन्यात गाव बदलते आणि सासरी सुरू झालेला वर्ग तुटतो. तेव्हा माता व बाल संरक्षण कार्ड साडीचोळीबरोबर न चुकता पाठवावे आणि माहेरच्या आशाताईंना पहिल्या आठवड्यातच भेटावे.

अशा शिक्षणाचा उपयोग होतो, याला आधार आहे. सोलापूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. तेथे लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांनीही प्रशिक्षण घेऊन आपल्या गावच्या मातांना शिकविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रशिक्षित आरोग्यदूतांच्या उपचारांचा मोठा वाटा होता. परंतु माता व आज्या यांचे आरोग्यशिक्षण हाही त्या कामाचा एक भाग होता. झारखंड व ओडिशातील गावांत स्त्रियांनी दरमहा एकत्र बसून आपल्या अडचणींवर आपणच मार्ग काढला. तेथील नवजात मृत्यू तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१० मध्ये नोंदले गेले आणि २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा महिला गटांची शिफारस केली.

श्रीपूरचा हंगाम

नीरा उजव्या कालव्याने माळशिरस तालुक्यात ऊस आला. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या साखर कारखान्यामुळे श्रीपूर नावारूपास आले. आज तेथे पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे या पट्ट्यात येतात. पती व पत्नी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ धरला जातो. अशा कुटुंबातील सहा महिन्यांची गरोदर स्त्री मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरते. ९ तारखेस दवाखान्यात जावयाचे तर तिचा आणि तिच्या पतीचाही दिवस बुडतो. गावच्या आशाताईंच्या यादीत तिचे नाव नसते आणि तिच्या मूळ गावच्या यादीत ती ‘स्थलांतरित’ असते.

वर्गाची खरी कसोटी येथे आहे. ही स्त्री वर्गाकडे येऊ शकत नसेल तर वर्गाने तिच्या कोपीकडे गेले पाहिजे. त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. गाळप सुरू होताच तळावरील गरोदर स्त्रियांची नोंद करणे, फडावरून कुटुंबे परतल्यानंतर सायंकाळी तासभर बसणे, मुकादमांनाही त्या बैठकीस बोलावणे आणि तपासणीच्या दिवसाचा खाडा धरला जाणार नाही असे कारखाना व मुकादम यांच्याकडून ठरवून घेणे, एवढ्या गोष्टी पुरेशा आहेत. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय संस्थेत प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, आहार व वाहन विनामूल्य आहे. परगावची म्हणून कोणाही स्त्रीला हा लाभ नाकारता येत नाही, हे तिला व तिच्या पतीला त्यांच्या भाषेत सांगितले पाहिजे.

आपले काम

पंचायतीच्या सदस्यांनी अंगणवाडीतील मासिक दिवसाची दवंडी पुरुषांपर्यंतही पोचवावी आणि रात्री-अपरात्री मिळेल असे एक वाहन गावात ठरवून ठेवावे. शिक्षकांनी पालकसभेत धोक्याच्या लक्षणांचा तक्ता लावावा. शाळेत येणारी धाकटी भावंडे तो घरी जाऊन सांगतात. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या संख्येबरोबरच वर्गास किती पती व किती सासवा आल्या, हेही विचारावे. जी गोष्ट विचारली जाते तिच्याकडे लक्ष दिले जाते, हा कारभाराचा नित्याचा अनुभव आहे.

श्रीपूरच्या तळावर हंगामात एखाद्या कोपीत मध्यरात्री कळा सुरू होतील. त्या वेळी जवळ डॉक्टर असेलच असे नाही. परंतु पतीला कोणता क्रमांक फिरवावयाचा हे ठाऊक असेल, कार्ड उशाशी असेल आणि शेजारच्या कोपीतील बाई ‘सकाळपर्यंत थांबू’ असे म्हणणार नाही, तर वर्ग भरला होता असे समजावे.