मुक्त सॉफ्टवेअरची दुनिया – लेखांक ७ : राखणदारांचा राजीनामा

गेल्या आठवड्यात आपण लिनक्सपाशी थांबलो होतो. सप्टेंबर २०१८मध्ये लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या शिवराळ ईमेलांबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे ते कामापासून बाजूला झाले. तिथं प्रश्न मुख्यतः एका माणसाच्या जिभेचा होता. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचं प्रकरण त्याहून अवघड आहे.

रस्ट मोझिलाच्या आश्रयानं वाढली, तिची १.० आवृत्ती मे २०१५ची. भाषेत मोठा बदल सुचवायचा तर आरएफसी नावाचा लेखी प्रस्ताव सर्वांसमोर ठेवायचा आणि मग कुणीही त्याची चिरफाड करायची, अशी इथली रीत. चिरफाड प्रस्तावाची व्हावी, तो लिहिणाऱ्याची नव्हे, हे पाहायला आचारसंहिता आणि मॉडरेटरांची टीम. कुणी घसरला की समज द्यायची, तरी ऐकलं नाही तर बाहेरचा रस्ता दाखवायचा. दोन्ही बाजूंच्या शिव्या खायचं काम हे.

२२ नोव्हेंबर २०२१ला ही अख्खी टीम बाहेर पडली, तीही अस्सल प्रोग्रॅमरी पद्धतीनं. कोण कुठल्या टीममध्ये आहे याची नोंद गिटहबवरच्या फाइलींमध्ये असते. त्यातून आपली नावं काढणारी पुल रिक्वेस्ट, म्हणजे फाइलींत बदल करण्याची विनंती, त्यांनी टाकली आणि कारणही तिथंच लिहिलं. प्रकल्पाच्या शिखरावरची कोअर टीम स्वतःखेरीज कुणालाही बांधील नाही. मग जे नियम आम्ही सगळ्यांना लावतो, ते तिला लावायचे कसे?

नेमकं काय बिनसलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. तर्ककुतर्कांना अर्थातच ऊत आला. तक्रारी चव्हाट्यावर न आणणं मला योग्यच वाटतं. उद्या तक्रार घेऊन येणाऱ्याला भरवसा वाटायला हवा. पण बाहेरच्यांना न्याय कुणाचा करायचा तेच कळेना, हेही खरं.

उत्तर यायला २०२३ उजाडलं. आरएफसी ३३९२नं कोअर टीम मोडीत काढली आणि वेगवेगळ्या टीमांच्या प्रतिनिधींचं नेतृत्व मंडळ आणलं. एकाच कंपनीची माणसं त्यात किती असावीत, यालाही मर्यादा घातली. मॉडरेटरांचे निर्णय तपासण्याची सोय केली. खरी गंमत शेवटच्या उपायात आहे. सगळे मार्ग खुंटले, तर मॉडरेटरांना अख्खं मंडळ बदलायला लावता येतं. मात्र तसं केलं की त्यांनीही पायउतार व्हायचं. हे हत्यार सूडापोटी कुणी उचलणार नाही, कारण ते उचलणाराही घरी जातो.

आरएफसी ३३९२ कुणालाही वाचायला खुला आहे. त्यात कोड जवळजवळ नाहीच. आपल्या गृहनिर्माण सोसायटीचे नियम लिहायला बसलेल्यांनीही तो एकदा चाळावा.

(पुढील आठवड्यात : पायथन आणि तिची सुकाणू समिती)