अ-ब-क-ड-इ हा क्रम संगणकाला कोण सांगणार?

चौकोनाला ‘अबकड’ असे नाव देताना आपल्याला काही वावगे वाटत नाही. वास्तविक वर्णमालेत अ नंतर आ येतो आणि ब तर पार प-वर्गात आहे. अ-ब-क-ड हा क्रम इंग्रजीतील ए-बी-सी-डीच्या जागी बसवलेला, पण सवयीने तो आता वर्णमालेइतकाच स्वाभाविक झाला आहे. महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले, तेव्हा पहिली ते आठवीच्या श्रेणींसाठी हाच क्रम घेण्यात आला. अ-१ म्हणजे ९१ ते १०० टक्के, अ-२ म्हणजे ८१ ते ९०. पुढे ब-१, ब-२, क-१, क-२ (४१ ते ५०), मग ड (३३ ते ४०), इ-१ (२१ ते ३२) आणि शेवटी इ-२ (२० व त्याखाली).

आता समजा, मावळातील नवलाख उंबरे येथील एका शिक्षकांनी वर्गाच्या श्रेणी संगणकावरील डेटाबेसमध्ये नोंदवल्या. जादा तासांना कोणाला बसवायचे हे ठरवण्यासाठी त्यांनी पायथन भाषेतील छोट्या आज्ञावलीतून विचारले, ‘क-२ च्या पुढील श्रेणीतील मुले दाखव.’ यादी आली. तीत ड श्रेणीची मुले होती, शिवाय ब-१ आणि ब-२ ची झाडून सारी होती. इ-१ आणि इ-२ चे मात्र एकही मूल नव्हते. ज्यांच्यासाठी जादा तास घ्यायचे तीच मुले गळाली, आणि पडद्यावर चुकीची कोणतीही सूचना नाही.

असे का झाले? संगणकाच्या लेखी श्रेणी म्हणजे केवळ अक्षरे. युनिकोड या संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. अ चा २३०९, इ चा २३११, क चा २३२५, ड चा २३३७ आणि ब चा २३४८. तेव्हा संगणकाचा क्रम झाला अ, इ, क, ड, ब. क-२ च्या पुढे त्याला ड आणि ब हेच दिसणार.

गंमत अशी, की दहावीच्या निकालातील शब्द घेतले तर ही चूक उघडकीसच येत नाही. अनुत्तीर्ण, उत्तीर्ण, द्वितीय, प्रथम, प्रावीण्य ही नावे अक्षरांच्या क्रमाने लावली तरी ती चढत्या क्रमानेच लागतात! हा निव्वळ योगायोग. अशा यादीवर आज्ञावली तपासून पाहणारा निश्चिंत होतो आणि पुढे अ-ब-क-ड-इ च्या यादीत फसतो.

ठरावीक नावांची बंदिस्त यादी करण्यासाठी पायथनमध्ये ‘एनम’ हा प्रकार आहे. २०१४ च्या ३.४ या आवृत्तीपासून तो भाषेबरोबरच मिळतो. साध्या एनममधील दोन नावांत मोठे कोणते असे विचारले, तर पायथन चूक दाखवून थांबते. मला हा त्याचा गुणच वाटतो, कारण क्रम सांगितलेला नसताना अंदाज बांधण्यापेक्षा नकार बरा. क्रम हवा असेल तर प्रत्येक नावाला एक क्रमांक द्यायचा आणि तुलना त्या क्रमांकांवरून करावी असे एनममध्ये लिहायचे. ‘इंटएनम’ हा तयार प्रकारही आहे. पण त्यातील नावे कोणत्याही पूर्णांकाशी तुलना करू देतात. श्रेणीचा क्रमांक आणि विद्यार्थ्याचे गुण यांची गल्लत झाली तरी तो हरकत घेणार नाही.

एवढे केल्यावर काम झाले असे वाटते, पण खरी मेख पुढेच आहे. पायथनमधून डेटाबेसशी बोलण्यासाठी एसक्यूएलअल्केमी हे साधन (पहिली आवृत्ती २००६) पुष्कळ वापरले जाते. त्यात ‘श्रेणी क-२ पेक्षा मोठी’ असे लिहिले, तर पायथन त्या क्षणी कोणतीच तुलना करत नाही. ते वाक्य एका चिठ्ठीवर उतरवून डेटाबेसकडे धाडले जाते. मुख्याध्यापकांनी कारकुनाकडे चिठ्ठी पाठवावी तसेच हे. कारकून चिठ्ठीतील अक्षरे वाचतो, पण मुख्याध्यापकांच्या मनातील क्रम त्याला कसा कळावा? आपण एनममध्ये लिहिलेली तुलना येथे वापरलीच जात नाही. एसक्यूएलअल्केमी सहसा एनममधील नाव साठवते, क्रमांक नव्हे. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एनमचा स्वतंत्र प्रकार आहे आणि नावे ज्या क्रमाने जाहीर केली तोच क्रम तो पाळतो. एसक्यूलाइटमध्ये असा प्रकार नाही. तेथे उरतात ती अक्षरे. म्हणजे एकच आज्ञावली एका यंत्रावर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक उत्तर देऊ शकते.

यावर सोपा उपाय असा, की तुलना पायथनमध्येच उरकायची. क-२ च्या खालच्या श्रेणी कोणत्या हे एनमलाच विचारायचे, आणि चिठ्ठीत ‘श्रेणी ड, इ-१, इ-२ यांपैकी एक’ असे लिहायचे. आधीच भरलेल्या माहितीला हात लावावा लागत नाही, म्हणून जुन्या नोंदींसाठी मी हाच मार्ग सुचवीन. नव्याने सुरुवात करायची असेल तर नावाऐवजी क्रमांक साठवावा. जाताना नावाचा क्रमांक आणि येताना क्रमांकाचे नाव करणारा दुभाषी एसक्यूएलअल्केमीत लिहिता येतो. मग तुलना आणि क्रमवारी दोन्ही डेटाबेसमध्येच बिनचूक होतात. क्रमांक देताना १, २, ३ ऐवजी १०, २०, ३० असे द्यावेत. उद्या मध्ये एखादी श्रेणी घालायची झाली तर जागा राहते.

क्रमांक साठवले की त्यांची सरासरी काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. अ-१ मध्ये १० गुणांचा पल्ला आहे, ड मध्ये ८ चा आणि इ-२ मध्ये शून्यापासून धरले तर २१ गुणांचा. क्रमांकांमधील अंतर सारखे दिसले तरी मुलांमधील अंतर तसे नसते. क्रमांकावरून वर कोण आणि खाली कोण एवढेच कळते.

वर्गात हे दाखवायला संगणक नसला तरी चालेल. सहा ऋतूंची नावे मुलांना शब्दकोशाच्या क्रमाने लावायला सांगा. ग्रीष्म, वर्षा, वसंत, शरद, शिशिर, हेमंत अशी ओळ लागेल. मग खरा क्रम लावून विचारा, शिशिर मोठा की वसंत? शिशिरानंतर पुन्हा वसंतच येतो, तेव्हा येथे क्रमांक देऊनही भागत नाही.