उपग्रहाच्या चित्रातले बदलते गाव

पारनेर तालुक्यातल्या सुपा परिसराची जुनी आणि नवी उपग्रहचित्रे शेजारी ठेवली, की एमआयडीसीच्या शेडची छपरे लगेच डोळ्यांत भरतात. मग वाटते, खेड्याचे शहर कसे होते हे आता वरूनच मोजता येईल. पण उपग्रह फक्त जमिनीचा पृष्ठभाग टिपतो, तोही ठरावीक मापात. फुकट मिळणाऱ्या चित्रांपैकी लँडसॅटचा एक चौकोन 30 मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा असतो. 2015 पासून फिरणाऱ्या सेंटिनेल-2 चा चौकोन 10 मीटरचा, म्हणजे जेमतेम गुंठाभर. त्यात कारखाना ठळक उमटतो; मळ्यातल्या वस्तीवरचे दोन खोल्यांचे घर भोवतालच्या ज्वारीत मिसळून जाते. नगरकडे तर अशा विखुरलेल्या वस्त्या पुष्कळ, म्हणजे गावाचा बराच विस्तार या चित्रांतून निसटतो.

याच्या उलट चूकही होते, आणि ती जास्त फसवी. उन्हाळ्यात नांगरून पडलेले कोरडे रान आणि सिमेंटची बांधकामे अवरक्त किरणांत बरीच सारखी दिसतात, त्यामुळे संगणक मोकळे शेत खुशाल बांधकामात मोजतो. जुने चित्र ऑक्टोबरचे आणि नवे मेमधले घेतले, तर न झालेले शहरीकरणही दाखवता येईल! म्हणून एकाच वर्षातली अनेक चित्रे तपासावी लागतात: शेत कधीतरी हिरवे होते, छप्पर कधीच होत नाही. 2018 सारख्या दुष्काळी वर्षात पेरणीच हुकते, तेव्हा वर्षही एकच घेऊन भागत नाही.

यावर कोणी म्हणेल, 2021 ची जनगणना झालीच नाही, मग उपग्रहाशिवाय दुसरे आहे काय? बांधकाम किती पसरले यासाठी हा मुद्दा रास्त आहे. मात्र जनगणनेत खेड्याला शहर म्हणायचे तर लोकसंख्या किमान 5,000, घनता चौरस किलोमीटरला 400 आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर, अशा तिन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. शेवटची अट आकाशातून तपासताच येत नाही. घरातली मुले कारखान्यात कामाला लागली आणि रान वाट्याने दिले, तरी चित्रात पीक तसेच डोलते. तेव्हा उपग्रहाने बदलाची जागा दाखवावी; धंदा कोणाचा बदलला, हे दारोदार जाऊनच विचारावे लागेल.