पट्टा आधी खालून सुटतो

वाशिंद स्टेशनवर सकाळची लोकल गाठायच्या घाईतला माणूसही गाडी नीट पट्ट्यांत लावेल, पण पट्टा दिसला तर! पावसाने रंग धुतला, असं आपण म्हणून मोकळे होतो. खरी गोम बहुधा रंगाखाली असते. धुळकट काँक्रीटवर मारलेला रंग धुळीलाच चिकटतो. ओल राहिली असेल तर तीच त्याला खालून फुगवते आणि वळणारी चाकं पापुद्रे सोलून काढतात. म्हणून पार्किंगमध्ये प्रवेशाच्या वळणावरचे पट्टे आधी जातात. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर जमिनीवर ठेवा. सकाळी आतून घाम दिसला, तर रंगाचा डबा उघडूच नका.

महामार्गावर बहुधा थर्मोप्लास्टिक असतं. सुमारे २०० अंशांना वितळवून ओतलं की ते डांबराशी एकजीव होतं. त्यात काचेचे बारीक मणी. हेडलाइटचा उजेड मण्यात वाकतो, रंगावर आपटतो आणि गाडीकडेच परततो. भर पावसात मणी पाण्याखाली जातात, मग नवाकोरा पट्टाही रात्री गायब!

आपल्याकडे रंगकाम दिवाळीनंतरच करावं. मेअखेरीस घाईने मारलेला हात आषाढही बघत नाही.