चिखलातले पोकलेन

नागपूरकडची काळी माती पावसात फुगते, मऊ होते. तिच्यावर २१ टनांचे पोकलेन कसे उभे राहते? त्याच्या दोन्ही चेन मिळून सुमारे ४.२ चौरस मीटर जमिनीवर टेकतात असे धरू. म्हणजे दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. एका पायावर उभ्या माणसाच्या दाबाच्या जवळपास!

मग धोका कुठे? भरलेले बकेट लांब नेले, की बराचसा भार चेनच्या एकाच कडेवर येतो. तिथला दाब वाढतो. ओल्या मातीत कणांची परस्परांवरची पकड सैल झालेली असते. चराचा काठ ढासळतो, यंत्र कलंडते. आत उतरलेला मजूर सापडतो. म्हणून यंत्र काठापासून दूर, सपाटीवर हवे, आणि खोदताना चर रिकामा.

वर्गात ओल्या मातीवर वीट आधी आडवी, मग उभी ठेवा. कोणती जास्त रुतते, का, हे मुलांनाच सांगू द्या.