तीन गुणांचा हिशेब

३१ ऑक्टोबर २०२५ला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये पुणेरी पलटण ३१-२८ अशी हरली. प्रो कबड्डीचा बारावा हंगाम संपला, चषक दबंग दिल्लीकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी इकडे लोणार तालुक्यातल्या आमच्या बीबीत चहाच्या टपरीवर निकालही लागून गेला: ‘पुण्याले फायनल झेपत नाही.’ मला हे पटत नाही. पलटणीची सगळी वही माझ्याकडे आहे आणि ती वेगळंच सांगते.

वही म्हणजे साधी दोनशे पानी, आडव्या रेघांची. डावं पान एका संघाचं, उजवं दुसऱ्याचं. प्रत्येक चढाईला एक ओळ. चढाई कोणाची, समोर किती गडी उभे आहेत, आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यात का, आणि शेवटी काय झालं. बोनसला ‘बो’, पकडीला फुली, रिकाम्या चढाईला नुसती आडवी रेघ, लोण पडला की दुहेरी रेघ. तिसरी चढाई असेल, म्हणजे गुण आणला नाही तर बादच व्हायचं असेल, तर ओळीच्या आकड्याभोवती गोल. चढाई तीस सेकंदांची, सामना चाळीस मिनिटांचा. ऐंशीच्या आसपास ओळी भरतात. लिहायला मान खाली घातली की पुढची चढाई निम्मी झालेली असते, म्हणून डोळे पडद्यावर ठेवून हात आपोआप चालावा लागतो. यंदा सप्टेंबरात शेतात पाणी साचलेलं, वीज कधी येईल कधी जाईल याचा नेम नाही. कितीतरी सामने मोबाइलवर पाहिले आणि टॉर्चच्या उजेडात ओळी भरल्या.

या सगळ्या रकान्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘समोर किती’ हा. टीव्हीवर शेवटी दिसतं ते एवढंच: अमक्याचे दहा गुण, तमक्याच्या चार पकडी. पण समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. समोर तिघे किंवा त्याहून कमी उरले आणि त्यांनी चढाईपटूला धरलं, तर ती अव्वल पकड, तिचे दोन गुण. म्हणजे आपला गडी ज्या वेळी समोरच्या अंगणात सर्वांत मोकळा दिसतो, त्याच वेळी त्याची चूक सर्वांत महाग पडते. नुसत्या बेरजेत हे कधीच दिसत नाही. नोंदींचंच बोलायचं तर, अमेरिकेत बेसबॉलचा एकेक संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि तिथले प्रेक्षक पिढ्यान् पिढ्या मांडीवर तक्ता घेऊन प्रत्येक चेंडूची नोंद करत आलेत. हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकाराने एकोणिसाव्या शतकात ती पद्धत रुळवली. हंगाम संपल्यावर हिवाळाभर त्या तक्त्यांवरून वाद चालतात: कोणाला ठेवावं, कोणाला सोडावं, भोक नेमकं कुठे आहे. आपल्याकडे कबड्डीवर जीव टाकणारी माणसं गावोगावी आहेत, नोंद ठेवणारी मात्र फार थोडी.

आता पलटणीचा हंगाम. यंदा नियम बदलले. पूर्वी सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलं तरी एक गुण पदरात पडायचा आणि बरोबरीचे तीन मिळायचे. बाराव्या हंगामात साखळीत जिंकलं तर दोन, हरलं तर शून्य, बरोबरी झाली तर तिथल्या तिथे टायब्रेकर. थोडक्यात हरण्याला किंमतच उरली नाही. अशा हंगामात पलटणीने १८पैकी १३ सामने जिंकले आणि २६ गुणांसह साखळीत पहिला क्रमांक घेतला. दिल्लीचेही गुण तेवढेच होते. आदल्या वर्षी हीच पलटण पहिल्या सहांतही नव्हती, कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीने बसला होता आणि १ मार्च २०२४ला हरयाणाला २८-२५ असं हरवून संघाला पहिला चषक मिळवून देणारे प्रशिक्षक बी. सी. रमेश पुढे बंगळुरूकडे गेले. अजय ठाकूरने मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिल्याच हंगामात संघ पुन्हा अंतिम सामन्यात नेला, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

क्वालिफायर एकमध्ये दिल्लीशी ३४-३४ अशी बरोबरी झाली, टायब्रेकर ६-४ने गेला. मग दुसऱ्या क्वालिफायरमध्ये पलटणीने तेलुगु टायटन्सला ५०-४५ असं हरवलं. त्या रात्री आदित्य शिंदेने एकट्याने वीसहून अधिक गुण आणले. माझ्या वहीचं ते पान त्याच्या नावाने काळं झालं आहे. आणि अंतिम सामन्यात पुन्हा दिल्ली.

तो सामना मी नंतर थांबवून थांबवून, एकेक चढाई मागे घेत पुन्हा पाहिला. शेजारी गावातल्या संघात डावा कोपरा सांभाळणारा एक पोरगा बसला होता. मध्यंतराला दिल्ली २०-१४ पुढे. उत्तरार्धात पुण्याने १४ गुण मिळवले, दिल्लीने ११. म्हणजे ‘फायनल झेपत नाही’ हे तिथेच खोटं ठरतं. दबावाचा सगळा भार असतो त्या वीस मिनिटांत पलटणच सरस होती. सामना गेला तो पूर्वार्धात, आणि उरलासुरला गेला एका पकडीत. फरक दोन गुणांचा, वेळ संपत आलेली, आदित्यची चढाई, आणि दिल्लीच्या कोपऱ्यात उभा इराणचा फझल अत्राचली.

मी चढाईपटूकडे पाहत होतो. पोरगा म्हणाला, “काका, त्याच्याकडं नका पाहू. फझलचा पाय पाहा.” पुन्हा मागे घेतलं. आमच्या पोरांची खोड अशी की चढाईपटू जवळ आला की कोपरा उतावीळ होतो, अंगावर जातो आणि हातस्पर्श देऊन बसतो. फझल पुढे येत नाही. पुढचा पाय हलका, सगळं वजन मागच्या पायावर, नजर समोरच्याच्या कमरेवर. चढाईपटूचं वजन पूर्ण पडलं, आता त्याला मागे वळायला निमिषभर लागणार, हे कळेपर्यंत तो हलतच नाही. पुढची पकड मग ताकदीची राहत नाही, वेळेची होते. पोरगा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “आपल्याले दम निघत नाही.” संध्याकाळी मैदानावर तो तेवढाच सराव करत होता: पाय मागे ठेवून उभं राहायचं.

हाच फझल २०२२च्या नवव्या हंगामात पुणेरी पलटणीचा कर्णधार होता. लिलावात पलटणीने त्याला १ कोटी ३८ लाखांना घेतलं होतं. त्या वर्षीही संघ अंतिम सामन्यात पोचला आणि जयपूरकडून ३३-२९ असा हरला, तेव्हा अस्लम आणि मोहित गोयत दोघेही दुखापतीमुळे बाहेर होते. पुढच्या लिलावात फझल गेला, मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना आला, चषक आला. मग शादलुईही गेला आणि हरयाणाने त्याच्यासह अकरावा हंगाम जिंकला. चार हंगामांत तीन अंतिम सामने. फरक चार, तीन आणि तीन गुणांचे. असा संघ मोडका म्हणता येत नाही. त्याची बांधणी भक्कम आहे, मागे उभं राहून वेळ ओळखणारा एक माणूस कमी आहे.

म्हणून लिलावात मोठ्या नावाच्या चढाईपटूवर पैसा ओतावा, असं मला वाटत नाही. बाराव्या हंगामापूर्वी सचिन तन्वरसाठी कोटीच्या वर रक्कम मोजून झालीच. संघाला खर्चायला मिळतात साधारण ५ कोटी, त्यातला मोठा वाटा एका माणसावर गेला की राखीव फळी पातळ होते, आणि पलटणीला आजवर नडली आहे ती दुखापत. आदित्य शिंदे, पंकज मोहिते, गौरव खत्री, अबिनेश नादराजन ही घरची मंडळी ठेवावी. अस्लम नसेल त्या दिवशी तिसरी चढाई कोणाची, हे आधीच ठरवावं आणि तो गडी त्यासाठीच तयार करावा. माझ्या वहीतले गोल केलेले आकडे अस्लम नसताना त्याच दोघांच्या नावावर साचतात आणि समोरच्या संघालाही ते कळतं.

लीगबद्दलही एक सांगायचं आहे. यंदाचा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाला. महाराष्ट्राचे दोन संघ खेळले आणि महाराष्ट्रात एकही सामना नाही. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा खेळ जगाला दाखवला तो अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी. अमरावती आमच्याच वऱ्हाडात. मॅट, दिवे आणि आठ हजार माणसं ओरडताहेत असं मैदान आमच्या पोरांनी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. नागपूरला चार सामने झाले तरी समृद्धी महामार्गाने इथून गाड्या भरून जातील.

तर माझा निवाडा असा: पलटणीने येत्या लिलावात तिशीच्या पुढचा, अंतिम सामने खेळलेला एक कोपरारक्षक घ्यावा. धावपळीला तो कमी पडला तरी चालेल. त्याला अखेरच्या पाच मिनिटांसाठी मैदानात ठेवावं आणि बाकीच्या बचावाला त्याच्या इशाऱ्यावर उभं करावं. तेवढं केलं तर तेराव्या हंगामात चषक पुण्याला यायला हरकत नाही.